मदेरा बेटावर आईला घेऊन ट्राइकची सफर करावी, की गाडी भाड्याने घ्यावी?

मदेराची राजधानी फुंशाल येथे मुक्काम असताना साठी ओलांडलेल्या आईसह ट्राइकने, म्हणजे चालवणारा मार्गदर्शक पुढे आणि दोन प्रवासी मागे अशा तीनचाकी मोटरसायकलने, डोंगरातील गावे पाहावीत की स्वतः गाडी चालवावी, असे आपण विचारले आहे. मी ही सफर केली आहे आणि आपणही ती करावी असे मला मनापासून वाटते. मात्र पैसे भरण्यापूर्वी मार्ग नीट विचारून घ्या, कारण सफरीचा खरा आनंद वाहनापेक्षा रस्त्यावर अवलंबून आहे.

मदेरा हे पोर्तुगालचे अटलांटिक महासागरातील ज्वालामुखीजन्य बेट आहे. त्याचे सर्वोच्च शिखर पिकु रुइवु १,८६२ मीटर उंच असून समुद्रापासून फार दूर नाही, त्यामुळे सगळा प्रदेश उभ्या कड्यांचा आणि खोल दऱ्यांचा आहे. गेल्या काही दशकांत युरोपीय संघाच्या निधीतून येथे असंख्य बोगदे झाले आणि पूर्वी डोंगराला वळसे घालत जाणारा प्रवास काही मिनिटांवर आला. रहिवाशांची त्यामुळे मोठी सोय झाली; पाहुण्याला मात्र बोगद्यात काहीच दिसत नाही, आणि भाड्याच्या गाडीतील नकाशा जवळचा रस्ता म्हणून नेमका बोगद्यातच नेतो. जुने घाटरस्ते ठाऊक असणारा आणि मुद्दाम त्यांवरूनच नेणारा स्थानिक माणूस मिळणे, हा ट्राइकच्या सफरीचा पहिला लाभ आहे. दुसरा लाभ असा की गाडी चालवणाऱ्याचे डोळे वळणांवर खिळलेले असतात, तर ट्राइकवर आपण दोघीही दरीकडे निवांत पाहू शकता.

बहुतेक छोट्या सफरी कामरा द लोबुश आणि काबु जिरांव येथवर जाऊन परततात. कामरा द लोबुश हे रंगीत होड्यांचे मासेमारी गाव आहे. १९५० मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी येथे बसून चित्र रंगवले होते. काबु जिरांव हा समुद्रात सरळ उतरणारा सुमारे ५८० मीटर उंचीचा कडा असून त्यावर काचेच्या तळाचा सज्जा आहे. दोन्ही ठिकाणे सुंदर आहेत, पण तेथे बसनेही जाता येते. या दोहोंच्या मधल्या चढावरील इश्त्रैतु गावातून जाणारा मार्ग मात्र आग्रहाने मागावा. तेथे दगडी बांधांच्या अरुंद पायऱ्यांवर द्राक्षवेलींचे बुटके मांडव आहेत आणि काही ठिकाणी मांडवाखालीच भाजीपालाही लावलेला असतो. नाशिक-सांगलीकडच्या बागा पाहिलेल्या माणसाला हे मांडव इतके ठेंगणे का, असा प्रश्न पडतोच. मार्गदर्शकाला जरूर विचारा. (याच बेटाची मद्ये पूर्वी जहाजांतून भारतापर्यंत येत, आणि उष्ण कटिबंधातील त्या प्रवासाने त्यांची चव सुधारते असे व्यापाऱ्यांच्या लक्षात आले होते.)

वेळ अर्ध्या दिवसाहून अधिक असेल, तर माझी निवड एंकुमियादा खिंडीची आहे. दक्षिण किनाऱ्यावरील रिबैरा ब्रावा या गावापासून दरीतून आत शिरून सेरा द आग्वा गावावरून जुना रस्ता १,००७ मीटरपर्यंत चढतो, आणि आकाश स्वच्छ असेल तर खिंडीतून बेटाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही किनारे दिसतात. वाटेत केळीच्या बागा मागे पडतात, हवा थंड होते, ओल्या मातीचा आणि झाडीचा वास येऊ लागतो, आणि उघड्या वाहनावर हा बदल अंगाला जाणवतो. बंद गाडीत तो कळतही नाही. सेरा द आग्वा परिसर पोंशा या पेयासाठी प्रसिद्ध आहे. उसाची दारू, मध आणि लिंबाचा रस घोटून ते करतात. गोड लागले तरी ते चांगलेच कडक असते; आईंसाठी फळांचा रस मागवावा.

दुसरा पर्याय कुराल दश फ्रैराश या गावाचा आहे. १५६६ मध्ये फ्रेंच चाच्यांनी फुंशाल लुटले तेव्हा सांता क्लारा मठातील जोगिणी या दरीत आश्रयाला आल्या. चहूकडून कड्यांनी वेढलेले हे गाव आधी ऐरा दु सेराडु येथून, सुमारे १,१०० मीटरवरून, पाहावे आणि मग खाली उतरून चेस्टनटचे सूप घ्यावे. गावात जाणारा जुना कड्यावरचा रस्ता दरडींमुळे बंद आहे, म्हणून शेवटचा टप्पा लांब बोगद्यातून करावा लागतो आणि उघड्या ट्राइकवर तेथे आवाज फार घुमतो.

आता आईंच्या दृष्टीने पाहू. मागे दोन चाके असल्याने ट्राइक तोल जाऊन कलंडेल ही भीती नको. पण दुचाकीसारखी ती वळणावर झुकत नाही, त्यामुळे शरीर बाहेरच्या बाजूला ढकलले जाते आणि हाताने दांडी धरून ठेवावी लागते. मागचे आसन रुंद आणि पाठीला टेकू देणारे असते. अडचण होते ती चढण्या-उतरण्याची, कारण पाय बराच उंच उचलावा लागतो. गुडघे दुखत असतील तर निघण्याआधी उभ्या वाहनावर एकदा बसून पाहा, आणि थांबे कमी पण निवांत ठेवण्याची विनंती करा. येथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून दरी उजव्या हाताला आली की उजवीकडे बसलेल्याला ती अगदी जवळ दिसते. उंचीचे भय असणाऱ्याने डावीकडे बसावे. हेल्मेट सफर घडवणारेच देतात. किनाऱ्यावर ऊन असले तरी खिंडीत स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट लागते.

सफर शक्यतो सकाळची घ्या आणि निघण्याआधी डोंगरावरील थेट कॅमेऱ्यांची दृश्ये इंटरनेटवर पाहा. खिंड ढगात असेल तर तारीख बदलून मिळेल का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून ठेवा.