मेव्हणे म्हणतात, हे मेकॅनिकल नव्हेच!

प्रश्न : ग्रँड सेइको या जपानी कंपनीचं ‘स्नोफ्लेक’ घड्याळ पाहिलं आणि त्या बर्फासारख्या डायलवर जीव जडला. पण मेव्हणे म्हणतात, “आत क्वार्ट्झचा स्फटिक आहे, हे मेकॅनिकल नव्हेच, कशाला घेता?” शिवाय तीच डायल दुकानात पांढरीशुभ्र दिसली आणि दाराशी नेल्यावर करडी. माझ्या डोळ्यांत दोष की घड्याळात?

उत्तर : डोळे ठणठणीत आहेत तुमचे. त्या डायलला पांढरा रंग दिलेलाच नाही. आधी पत्र्यावर पोत उठवतात आणि वर चांदीचा मुलामा देतात, म्हणून उजेड बदलला की छटा बदलते. मी ती भिंगाखाली पाहिली आहे. वाऱ्याने बर्फावर बारीक चुण्या पडाव्यात तसा खडबडीतपणा, आणि त्यावरून सरकणारा निळा सेकंद काटा. जपानमधल्या शिन्शू भागात, जिथे हे घड्याळ बनतं, तिथल्या होताका डोंगरांवरचा बर्फ कारागिरांच्या मनात होता. त्या बर्फात आठच्या आकड्याजवळ चावी किती उरली ते दाखवणारा काटा का घुसवला, हे मला आजवर पटलेलं नाही!

आता मेव्हण्यांचं. शब्दशः ते बरोबर आहेत. मागच्या काचेतून पाहा, मेकॅनिकल घड्याळात मागेपुढे डोलत ठोके देणारं चाक, म्हणजे बॅलन्स व्हील, दिसणार नाही. पण बॅटरीही सापडणार नाही. ताकद सगळी मेन स्प्रिंगची, पूर्ण चावीवर 72 तास. स्प्रिंग उलगडताना एक चाक सेकंदाला आठ फेरे घेतं आणि जराशी वीज तयार करतं. तेवढ्यावर क्वार्ट्झचा स्फटिक जागा राहतो आणि त्याच्या तालावर चुंबकीय ब्रेक त्या चाकाला आवरतो. ठोके नाहीतच, म्हणून काटा टिकटिक न करता वाहत जातो. महिन्याला फरक फार तर 15 सेकंद. याला ‘स्प्रिंग ड्राइव्ह’ म्हणतात.

तुम्हाला कानाशी धरून टिकटिक ऐकायची असेल, तर मात्र हे घेऊ नका. त्याच कंपनीचं 2021 सालचं ‘व्हाइट बर्च’ पाहा. डायलवर भूर्जाच्या सालीसारखा उभा पोत, आत खरंखुरं बॅलन्स, सेकंदाला दहा ठोके, 80 तासांची चावी. मेव्हण्यांचीही तक्रार उरणार नाही.

मला विचाराल तर मी स्नोफ्लेकच घेईन. फक्त घेण्याआधी ते पुन्हा एकदा दाराशी नेऊन पाहा. ती करडी छटा आवडली नाही, तर पुढे रोज खटकेल.