गाण्यांतला कामू आणि बीएचा फॉर्म

नमस्कार ताई,

तुमचा बारावीतला मुलगा इंग्रजी रॉक गाण्यांत अस्तित्ववाद (जगण्याचा अर्थ माणसाने स्वतःच घडवायचा, हा विचार) आणि ग्रीक पुराणकथा शोधत वह्या भरतो आणि ‘यातच पुढे शिकणार’ म्हणतो. हे खूळ आहे की यात पोटापाण्याचं काही आहे, असं तुम्ही विचारलंय.

त्याची पाठवलेली पानं वाचली. ‘द क्युअर’ या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७८च्या पहिल्या सिंगलमधला, म्हणजे ‘किलिंग ॲन अरब’ या गाण्यातला, किनारा, ऊन आणि बंदूक फ्रेंच लेखक आल्बेर कामूच्या १९४२च्या ‘द स्ट्रेंजर’ या कादंबरीतून आलीत, हे त्याने अचूक पकडलंय. पुढचं मात्र वहीत नाही. कादंबरी ठाऊक नसलेल्यांनी ते गाणं अरबद्वेषाचं ठरवलं. अमेरिकेत बँडच्या १९८६च्या गाण्यांच्या संग्रहावर तसा अर्थ घेऊ नये, असं स्टिकर लावावं लागलं. गाण्यातला ‘मी’ म्हणजे गीतकार नव्हे, हे ऐकणाऱ्याला कशावरून कळावं? अभ्यास इथून सुरू होतो. संदर्भ तर आता मोबाइलही शोधून देतो. ‘हेडीजटाउन’ या संगीतनाटकाबद्दलही तो ‘यात ऑर्फियस (बायकोला परत आणायला पाताळात गेलेला ग्रीक कथेतला गायक) आहे’ एवढ्यावरच थांबलाय. ते लिहिणाऱ्या अनाइस मिचेलने पाताळाच्या राजाला कारखानदार का केलं, हे त्याने लिहायला हवं होतं.

तेव्हा बीएला तत्त्वज्ञान मुख्य घेऊ द्या, जोडीला इंग्रजी साहित्य. फ्रेंच आत्ताच सुरू करावं, कामू मुळातून वाचता येईल. एमएसाठी तौलनिक साहित्य, म्हणजे वेगवेगळ्या भाषांतलं साहित्य एकमेकांशी ताडून बघणारा विषय, बघा. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात त्याचा विभाग १९५६ पासून आहे, हैदराबाद विद्यापीठातही सोय आहे. पुढे नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये.

आता कटू भाग. प्राध्यापकाच्या कायम जागा मोजक्या. पीएचडी होऊनही अनेकजण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात. म्हणून अनुवाद आणि संपादनाची कामं त्याने कॉलेजात असतानाच धरावीत. आधी बीएड करून ठेव, असा आग्रह नातेवाईक धरतील. एवढ्यात नको. गीतकार व्हायचं डोक्यात असेल तर तो रस्ता वेगळा, त्याला ही पदवी लागत नाही.

फॉर्म भरण्याआधी त्याला एक काम सांगा. त्या स्टिकरवर मराठीत दोन पानं लिहायची: ते लावणं योग्य होतं का? गाण्याच्या ओळींवरूनच सिद्ध करायचं, इंटरनेटवरची मतं नकोत. लिहून झालं की मला पाठवा.