सायनोबॅक्टेरियाच्या पेशीत थायलॅकॉइडचे लिपिड कुठे तयार होतात?

तुम्ही विचारलंय, सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूत हरितलवक नाही, आंतर्द्रव्यजालिका (इतर पेशींत लिपिड बनवणारं पटलांचं जाळं) हीही नाही, मग थायलॅकॉइडच्या, म्हणजे पेशीतल्या प्रकाश टिपणाऱ्या चपट्या पिशवीच्या, पटलाला लागणारे लिपिड (मेदासारखे रेणू) बनतात कुठे? मी ठाण्यात बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घेतो. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि मला तो मनापासून आवडतो.

उपवन तलावाकाठच्या दगडावरचा बुळबुळीत थर खरवडून आणला, की स्लाइडवर ऑसिलेटोरिया या सायनोबॅक्टेरियाचे धागे संथ डुलताना दिसतात. शेजारी स्पायरोगायरा हे हिरवं शेवाळ आलं तर फरक लगेच कळतो: त्याच्या पेशीत हिरवी पट्टी मळसूत्रासारखी फिरलेली असते, ऑसिलेटोरियात हिरवा रंग पेशीभर पसरलेला. लिपिडसाठीही सायनोबॅक्टेरियात वेगळी खोली नाही. मेदाम्लं पेशीद्रवात तयार होतात, एका छोट्या वाहक प्रथिनाला चिकटून. ती ग्लिसरॉलला जोडणं आणि वर साखरेचं डोकं बसवणं ही कामं पटलावर होतात. साखर जोडणारं एन्झाइम पेशीपटल आणि थायलॅकॉइड, दोन्हींत सापडलंय. म्हणजे थायलॅकॉइडला सगळा माल बाहेरून आणावा लागत नाही.

खरी गंमत साखरेत आहे. थायलॅकॉइडच्या लिपिडमध्ये निम्म्याच्या आसपास एमजीडीजी असतं, म्हणजे एका गॅलॅक्टोजचं डोकं असलेलं लिपिड. वनस्पती हरितलवकाच्या आवरणात थेट गॅलॅक्टोज जोडतात. सायनोबॅक्टेरिया मात्र आधी ग्लुकोज जोडतात आणि मग त्याच साखरेच्या चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट उलट्या बाजूला फिरवतात. झालं गॅलॅक्टोज! पदार्थ तोच, वाट वेगळी. म्हणून वनस्पतीच्या पुस्तकातली आकृती इथे जशीच्या तशी लावू नका. ही फिरवाफिरवी करणारं एन्झाइम सिनेकोसिस्टिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या सायनोबॅक्टेरियामधून काढून टाकलं, तर ग्लुकोजवालं लिपिड साचतं, गॅलॅक्टोजवालं एकही बनत नाही, आणि तरीही त्या पेशी प्रकाशसंश्लेषण करतात. हे 2014 साली दाखवलं गेलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उलटून परत वाचलं होतं.

प्रकाशसंश्लेषण करणाऱ्याच जांभळ्या जिवाणूंचं निराळं. त्यांतल्या रोडोबॅक्टरमध्ये फॉस्फोलिपिड (फॉस्फेटचं डोकं असलेले लिपिड) मुख्यतः पेशीपटलात बनतात आणि तिथून आतल्या प्रकाशग्राही पटलात जातात, तेही सतत नाही, तर पेशी विभागायच्या सुमारास एकदम.

परत सिनेकोसिस्टिसकडे येतो. त्याच्या पटलात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल हे एकच फॉस्फोलिपिड असतं, आणि त्याच्याशिवाय मात्र त्याचं चालत नाही. ते बनवणारं जनुक बिघडवलं, तर ती पेशी माध्यमात हेच लिपिड घातल्याशिवाय वाढतच नाही.