प्रश्नोत्तरे : नसेला टेकलेली रक्तवाहिनी आणि चेहऱ्यातली कळ

प्रश्न : माझ्या आईचे वय ६४ आहे. दात घासताना, घास चावताना, इतकेच काय पंख्याचा वारा लागला तरी तिच्या उजव्या गालात विजेचा झटका बसावा तशी कळ येते. दोन दाढा काढूनही फरक पडला नाही. न्यूरॉलॉजिस्टांनी ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ (चेहऱ्याच्या नसेचे दुखणे) असे निदान केले. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंच्या नसांना रक्तवाहिनी टेकल्याचे लिहिले आहे; मग दुखणे एकाच बाजूला का? मेंदूतली वेदना दाखवणारा आणखी एखादा स्कॅन करावा का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : या आजाराचे निदान स्कॅनवरून होत नाही, रुग्णाच्या सांगण्यावरून होते, आणि तुम्ही केलेले वर्णन त्या दृष्टीने पुरेसे बोलके आहे. (आता आणखी दाढ काढू देऊ नका.) एमआरआय करतात तो कारण शोधण्यासाठी : गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंच्या आवरणाचा आजार) नाही ना, आणि चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी पाचवी नस मेंदूच्या पॉन्स या भागातून जिथे बाहेर पडते, तिथे एखादी रक्तवाहिनी, बहुधा सुपीरियर सेरेबेलर धमनी, तिच्यावर दाब देते का, हे त्यात पाहतात.

रक्तवाहिनीचा नसेला नुसता स्पर्श मात्र कधीही न दुखलेल्या माणसांतही आणि रुग्णाच्या न दुखणाऱ्या बाजूलाही पुष्कळदा दिसतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात ‘क्लासिकल’, म्हणजे रक्तवाहिनीच्या दाबामुळे होणारा, प्रकार ठरवण्यासाठी नस जागची सरकलेली किंवा बारीक झालेली दिसावी, अशी अट आहे. तुमच्या रिपोर्टमध्ये याचा उल्लेख नसेल, तर सीडी घेऊन न्यूरोसर्जनला दाखवा आणि उजवी नस डावीपेक्षा बारीक आहे का, एवढेच विचारा. चिठ्ठीवर केवळ ‘ब्रेन’ लिहून केलेल्या साध्या एमआरआयमध्ये हे नीट कळत नाही. त्यासाठी सीआयएसएस किंवा फिएस्टा पद्धतीची पातळ छेदांची चित्रे लागतात. ती घेतली नसतील, तरच पुन्हा एमआरआय करण्यात अर्थ आहे.

वेदना दाखवणाऱ्या स्कॅनचा आग्रह मात्र मला पटत नाही. फंक्शनल एमआरआय (मेंदूचे काम दाखवणारा) आणि डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग (तंतूंची रचना दाखवणारे) यांतून अशा रुग्णांच्या नसेच्या तंतूंत, तसेच थॅलॅमस, इन्सुला यांसारख्या मेंदूच्या भागांत फरक आढळले आहेत, पण ते रुग्णांच्या गटांची तुलना केल्यावर दिसणारे आहेत. एकट्या रुग्णाची वेदना मोजणारा किंवा उपचार ठरवून देणारा स्कॅन अजून नाही.

सुरुवात सहसा कार्बामाझेपिनने होते. या औषधाने रक्तातले सोडियम उतरू शकते, म्हणून तपासण्या चुकवू नका. गोळ्या पुरेनाशा झाल्या किंवा सोसवेनात, की नसेवरचा दाब काढणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि नसेत स्पष्ट बदल दिसत असल्यास तिचा गुण येण्याची शक्यता अधिक असते. मात्र गाल बधिर वाटू लागला, ऐकू कमी येऊ लागले किंवा दुखणे दुसऱ्या बाजूलाही सुरू झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.