एमडीएफवरचं जंगल

प्रश्न : वडील टेलिफोन खात्यात होते. त्यांच्या एका जुन्या फोटोत मागे लोखंडी सांगाड्यावर तारांचं जंगल दिसतं. ते काय? आणि आम्ही वाडी बदलली तरी फोन नंबर तोच कसा राहिला?
– एक वाचक, देवगड

उत्तर : ती एमडीएफ, मेन डिस्ट्रिब्यूशन फ्रेम. एका अंगाला गावातून आलेल्या केबलच्या पेअर, म्हणजे तारांच्या जोड्या, उभ्या ओळीत. दुसऱ्या अंगाला एक्स्चेंजचे नंबर, आडव्या ओळीत. दोन्ही जोडते ती पीळ दिलेली जोडतार, म्हणजे जंपर. तुमचा नंबर जागचा हलला नाही. जुना जंपर काढून नव्या वाडीच्या पेअरवर टाकला, झालं. वाडी मात्र त्याच एक्स्चेंजची हवी.

आता जंगल. फोन बंद झाला की जंपरही काढायचा असतो. पण तो तसाच ठेवून वरून नवा ओढायची सवय लागते. मग मेलेले जंपर फ्रेमवरच्या तारा ओवायच्या रिंगांमध्ये इतके ठासून बसतात की चालू तार धरायला बोट जात नाही. काढताना एकाने एका टोकाला हलकेच हलवायचं, दुसऱ्याने पलीकडे कुठली तार हलते ते बघायचं. हिसका दिलात तर शेजारच्याचा फोन गेलाच म्हणून समजा! तारेवर टोन, म्हणजे ओळखायचा आवाज, लावून दोन्ही टोकं पक्की झाल्याशिवाय मी कोणाला कात्री लावू देत नसे.

फ्रेमवर तारा ज्या पट्टीत बसवतात त्या क्रोन मॉड्यूलमध्ये दहा पेअर बसतात. त्याचं टूल खटकन दाबलं की तार पात्यात रुतते आणि उरलेलं शेपूट तिथेच कापलं जातं. घाईत कोणी स्क्रूड्रायव्हरने तार कोंबतो, पाती फाकतात, आणि आपल्या खाऱ्या हवेत आषाढ लागला की लाइनवर खरखर सुरू. अशी तक्रार आली की आधी बाहेरची लाइन फ्रेमवरच तोडायची आणि एक्स्चेंजच्या अंगाला टेस्ट फोन लावायचा. स्वच्छ डायल टोन आला तर दोष बाहेर : केबलचा सांधा, पिलर म्हणजे रस्त्याकडेची केबलची पेटी, नाहीतर घराजवळचा डीपीचा डबा. मग भिजत जायचं.

पेअरची नोंद पेन्सिलीनेच करायची, कारण खराब पेअर सोडून चांगल्यावर जाणं रोजचंच. खोडून लगेच नवी लिहायची. ‘उद्या लिहू’ म्हणणाऱ्याच्या वहीवर माझा कधी विश्वास बसला नाही.

प्रश्न : फायबर आल्यावर हे सगळं संपलं ना?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तांब्याचं संपत आलंय. पण फायबरचीही फ्रेम असते, तिच्यावर पिवळे पॅचकॉर्ड, म्हणजे तिथले जंपरच. एका ठिकाणी नुकतीच बघितली. बंद कनेक्शनचे कॉर्ड तसेच लोंबत होते, निम्म्यांना लेबल नाही.