पुण्याच्या जुन्या बाजारात सायटेक कंपनीचा कॅस्पारोव्ह छाप बुद्धिबळ कॉम्प्युटर दिसला, पण चालू होत नाही. विकणारा म्हणतो, "सेल टाका, चालेल." घ्यावा का?

घ्या, पण बंद माल म्हणूनच भाव करा आणि आधी सेलचं झाकण उघडून बघा. मी अशी यंत्रं जमवतो. बंद पडलेल्यांत बहुतेकदा दोष सेलचाच निघतो. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल पाझरतात आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरी भुकटी साचते. नुसत्या पट्ट्याच गंजल्या असतील तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसून निघतं. ओल सर्किटपर्यंत गेली असेल तर सोडून द्या. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तेव्हा जाताना नवे सेल खिशात ठेवा. सेल घालूनही यंत्र गप्प असेल तर खालच्या बाजूला 'एसीएल' लिहिलेलं बारीक छिद्र शोधा आणि टाचणीने आतलं बटण दाबा. अडकलेला प्रोसेसर त्याने पुन्हा सुरू होतो, आणि विकणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं (तुम्हीही भाव ठरेपर्यंत सांगू नका!). चालू झालं की मोहरा टेकवून घरं दाबून बघा. सगळ्यात जास्त दाबली गेलेली ई-४, डी-४ आधी. अडॅप्टर पुण्यातल्याच तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळेल, फक्त यंत्रावरचं धन-ऋणाचं चिन्ह जुळवून घ्या, उलटं लागलं तर यंत्र जळू शकतं.

एक मात्र आहे: स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा अख्खा प्रोग्रॅम एकाच चिपमध्ये असतो. ती गेली असेल तर दुरुस्ती विसरा.