मुलीचं छोटं अमेरिकन कॉलेज डिव्हिजन वनमध्ये चाललंय, त्याचा खर्च शेवटी कोण भरतं?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलगी ज्या छोट्या प्रायव्हेट कॉलेजात शिकते ते खेळांसाठी डिव्हिजन टूमधून डिव्हिजन वनमध्ये (कॉलेजच्या खेळांचे तीन दर्जे असतात, वन सगळ्यात वरचा) जाणार असा मोठा गाजावाजा करणारा ईमेल आलाय, आणि ती स्वतः काही खेळत नाही, तर याचा भुर्दंड आपल्या फीवर पडणार का. पडणार, पण बिलावर तो वेगळा दिसेलच असं नाही.

मी इकडे न्यू इंग्लंडमध्ये अशाच एका लहान कॉलेजच्या बजेट ऑफिसात काम करतो. आमचं डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप द्यायचीच नाही असा नियम. बास्केटबॉलमधलं मला आजही अर्धं कळत नाही, क्रिकेटवाला माणूस आहे, पण खर्चाचे कॉलम कळतात.

लोकांना वाटतं वर जायचं म्हणजे एकदा फी भरायची आणि स्टेडियम जरा रंगवायचं. फी आहेच, एनसीएए म्हणून जी संस्था हे सगळं चालवते ती डिव्हिजन वनच्या अर्जालाच मिलियन डॉलरच्या बरंच वर घेते, आणि आधी एखाद्या कॉन्फरन्सचं, म्हणजे लीगचं, रीतसर आमंत्रण लागतं. मोठ्या फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉल, आपला पायाने खेळायचा नव्हे) वरच्या गटात जायचं असेल तर ती फी 2023 मध्ये 5 हजार डॉलरवरून एकदम 50 लाख डॉलर केली, म्हणजे उगाच कोणी येऊ नये म्हणूनच. पण हा झाला हत्ती विकत घ्यायचा खर्च, खरा खर्च तो पोसायचा.

निदान 14 खेळांच्या टीम ठेवाव्याच लागतात. बायकांच्या टीमना बरोबरीची वागणूक हा तर 1972 पासूनचा टायटल नाइनचा कायदा, आणि तो योग्यच आहे, पण बजेट करताना पुरुषांच्या बास्केटबॉलवर खर्च वाढवला की दुसऱ्या बाजूलाही हिशोब जुळवावा लागतो. मग कोच, त्यांचे असिस्टंट, ट्रेनर, नियम पाळले जातात का ते बघणारी कॉम्प्लायन्सची माणसं, खेळाडूंसाठी वेगळे ट्यूटर, मॅच ऑनलाइन दाखवायला कॅमेरे आणि ते चालवणारी माणसं, विमा. प्रवासाचं तर विचारू नका. मिनेसोटातलं सेंट थॉमस 2021 मध्ये डिव्हिजन थ्रीमधून थेट वर गेलं, तोपर्यंत त्यांच्या लीगमधली सगळी कॉलेजं मिनेसोटातच होती, बसने जाऊन रात्री घरी, आणि वर गेल्यावर लीगच्या मॅचसाठी थेट डेन्व्हर, टल्सापर्यंत जावं लागलं. (त्यांना नव्या अरीनासाठी एका दांपत्याने 75 मिलियन दिले, असे देणगीदार सगळ्यांकडे नसतात.)

आता जी गोष्ट ईमेलमध्ये कधीच नसते ती सांगतो. लहान कॉलेजात खालच्या डिव्हिजनला खेळाडू हा खर्च नसतो, तो गिऱ्हाईक असतो! म्हणजे बघा, कागदावर ट्यूशन 45 हजार, त्यात सगळ्यांनाच मिळतो तसा निम्मा डिस्काउंट, तरी तो मुलगा वर्षाला वीसेक हजार भरतो, आणि तो आपल्याकडे आलाच मुळी इथे त्याला खेळायला मिळतंय म्हणून. असे शंभर फुटबॉलवाले म्हणजे 20 लाख डॉलर, कोच दोन-तीन, बाकी खर्च बेताचा. (आकडे समजावण्यापुरते घेतलेत.) आमच्यासारखी कॉलेजं यावरच तग धरून आहेत. डिव्हिजन वनमध्ये गेलं की मुख्य खेळांत हाच मुलगा फुल स्कॉलरशिप मागतो, कारण शेजारचं कॉलेज देतंय. जी टीम पैसे आणत होती ती आता पैसे खाते. वर्गात जागा रिकामीच होती, मग फुकट शिकवलं तर काय गेलं, असं प्रेसिडेंट लोक म्हणतात आणि ते अगदीच खोटं नाही, पण राहणं, जेवण, पुस्तकं, उन्हाळ्यातलं ट्रेनिंग हे रोख पैसे आहेत.

बरं मग उत्पन्न? टीव्हीचा पैसा मोठ्या लीगना. लहान कॉलेज काय करतं, नोव्हेंबर-डिसेंबरात मोठ्या युनिव्हर्सिटीच्या मैदानावर जाऊन चाळीस पॉइंटने हरून येतं आणि त्याचा चेक घेतं, बास्केटबॉलच्या एका मॅचला साधारण लाखभर डॉलर मिळतात. याला गॅरंटी गेम म्हणतात. पोरांनी मार खायचा आणि त्या पैशात व्हॉलीबॉलची बस. मार्चमधल्या बास्केटबॉलच्या त्या प्रसिद्ध 68 टीमच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोचलात तर एका मॅचमागे साधारण 2 मिलियन मिळतात खरे, पण सहा वर्षांत विभागून, आणि तेही लीगच्या खात्यात, लीग मग सगळ्यांत वाटते. शिवाय वर गेल्यावर पहिली काही वर्षं (आधी चार होती, 2025 पासून अटी पाळल्या तर तीन) त्या स्पर्धेत खेळताच येत नाही. खर्च पहिल्या दिवसापासून वरच्या दर्जाचा, जाहिरात मात्र नंतर. आपली कितीतरी पोरं एमएसला जातात ते नेवार्कचं एनजेआयटी वर गेल्यावर 2007-08 च्या सीझनला 29 पैकी 29 मॅच हरलं, आणि ओळीने 51 हरल्यावर 2009 मध्ये एक जिंकलं. नंतर त्यांनी मिशिगनला मिशिगनच्या घरी हरवलं तेही खरंय, आज ते व्यवस्थित आहे, पण तिथे इंजिनीअरिंगला असे ना तसे विद्यार्थी येतातच, बास्केटबॉलवर पोट नाही.

जिंकलं की सगळं वसूल होतं असं कोणी म्हणालं तर त्याला हार्टफर्डचं सांगा. कनेटिकटमधली युनिव्हर्सिटी, 1984 पासून डिव्हिजन वनमध्ये, 2021 च्या मार्चमध्ये पहिल्यांदा त्या मोठ्या स्पर्धेत पोचली, टेक्सासच्या बेलर युनिव्हर्सिटीकडून हरली, बेलर पुढे चॅम्पियन झालं. आणि दोन महिन्यांच्या आत बोर्डाने ठरवलं की आपण डिव्हिजन थ्रीमध्ये जायचं. बोलावलेल्या कन्सल्टंटचा अंदाज होता की वर्षाला 9.2 मिलियनपर्यंत वाचतील. खेळाडू चिडले, माजी विद्यार्थी चिडले, समजण्यासारखं आहे. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस तर 2025 मध्ये स्पर्धेतली मॅच हरल्यावर आठवड्याभरात तेच जाहीर करून बसलं. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न 2003 मध्ये डिव्हिजन वनचं पूर्ण मेंबर झालं आणि 2006 मध्ये परत फिरायचं ठरवलं. ते कॉलेज 2024 मध्ये कायमचं बंद पडलं, पण त्याची कारणं वेगळी होती, ते खेळांच्या माथी मारणं बरोबर नाही.

आणि जिंकल्यावर माणसं टिकत नाहीत हे आणखी एक. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स 2022 मध्ये केंटकीसारख्या बलाढ्य टीमला हरवून शेवटच्या आठात गेलं, आपल्या तिकडच्या लोकांनीही मोराचे टी-शर्ट घेतले असतील (मोर त्यांचं चिन्ह), आणि महिना संपायच्या आत कोच सीटन हॉल युनिव्हर्सिटीला गेला, बरेच खेळाडूही ट्रान्सफर घेऊन पांगले. जून 2025 च्या कोर्ट सेटलमेंटनंतर तर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला 20.5 मिलियन, लहानांना तेवढं देणं शक्यच नाही, पण पूर्वी असे पैसे न मिळालेल्या जुन्या खेळाडूंच्या भरपाईसाठी एनसीएए जे पैसे कापतेय ते लहानांच्या वाट्यातूनही कापतेय. हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं.

मग कॉलेजं जातात कशाला? नाव होतं, अर्ज वाढतात अशी आशा असते, अठरा वर्षांच्या मुलांची संख्या घटतेय म्हणून घाबरलेली असतात, आणि खरं सांगू का, बोर्डावरच्या मंडळींना मिरवायलाही आवडतं.

तुम्ही काय करायचं तर, सरकारी युनिव्हर्सिटी असती तर बिलावर अ‍ॅथलेटिक फी वेगळी दिसली असती, जेम्स मॅडिसनसारख्या ठिकाणी ती वर्षाला 2 हजार डॉलरच्या वर आहे. प्रायव्हेटमध्ये ती ट्यूशनच्या पोटात जाते. अमेरिकन शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर प्रत्येक कॉलेजचा खेळांवरचा खर्च बघायला मिळतो, ईएडीए नावाने शोधा, गेल्या पाच-सहा वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. तिथे खर्च आणि उत्पन्न अगदी डॉलरला डॉलर सारखं दिसलं तर हुरळून जाऊ नका, कॉलेजने स्वतःच्या तिजोरीतून भरलेली तूट त्यात उत्पन्न म्हणूनच धरलेली असते! मुलीच्या स्कॉलरशिपच्या पत्रात रक्कम चारही वर्षं कायम राहील असं लिहिलंय का ते आत्ताच वाचा, कारण ट्यूशन वाढली आणि स्कॉलरशिप तेवढीच राहिली की फरक तुमच्याच खिशातून जाणार. आणि तिच्या डिपार्टमेंटमध्ये रिटायर झालेल्या प्रोफेसरांच्या जागा भरतायत की रिकाम्या ठेवतायत यावर तिला लक्ष ठेवायला सांगा, आमच्या धंद्यात पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथे लागते. मॅचला विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी फुकट सोडतात, तेवढं मात्र तिने वसूल करून घ्यावं.